पाटी, चिरा आणि दीपमाळ: दगडावर लेझर कुठे चालतो आणि कुठे नाही

फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या समितीवरच्या गृहस्थांचा प्रश्न आहे. जीर्णोद्धार चालू आहे. देणगीदारांची नावं आणि मूळ पुरुषाचं चित्र काळ्या ग्रॅनाइटवर लेझरने कोरून घ्यायचं आहे. पाटीचं बोलणं चालू असतानाच मशीनवाल्याने त्यांना एक व्हिडिओ दाखवला. त्यात हातात धरायच्या लेझरने जुनी भिंत क्षणात चकाचक होते. आता समितीत विचार चालला आहे की आवारातली जुनी चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, दीपमाळ अशीच साफ करावी. तिच्यावर ऑइलपेंटचे थर, शेवाळ आणि दिव्यांची काजळी आहे. जवळच एक जुना लेख कोरलेला दगड आहे, तोही त्याच हाताने उजळून घ्यावा असं काहींचं म्हणणं. शिवाय यांच्या मेव्हण्यांची चिरेखाण आहे, म्हणून शेवटी एक उपप्रश्न: पाच किलोवॅटचं मशीन आणलं तर चिरे लेझरने कापता येतील का? धूळ आणि आवाज तरी वाचेल.

आधी उत्तरं देऊन टाकतो. पाटी लेझरने खुशाल करा. चिरे लेझरने कापायचा विचार सोडा. दीपमाळेला व्हिडिओतलं मशीन लावू नका. लेखाच्या दगडाला तर लेझरच काय, तारेचा ब्रशसुद्धा लावू देऊ नका. आता कारणं.

लेझर दगड कापत नाही, तापवतो. एवढं एक डोक्यात बसलं की पुढचं सगळं त्यातून निघतं. करवतीचं पातं सगळ्या दगडांना एकाच रीतीने घासतं, मऊ असेल तर लवकर, कठीण असेल तर उशिरा. लेझरचं तसं नाही. प्रकाश दगडात शिरतो, तिथे उष्णता होते, आणि पुढे काय घडणार ते तो दगड ठरवतो. क्वार्ट्झ असलेला ग्रॅनाइट तडकतो, कारण ५७३ अंश सेल्सियसला क्वार्ट्झचे स्फटिक रूप बदलतात आणि फुगतात. शेजारचे कण तेवढे फुगत नाहीत, म्हणून पापुद्रे उडतात. संगमरवर, कडप्पा, शहाबादी, कोटा हे सगळे चुनखडीच्या घराण्यातले. ते साधारण ९०० अंशांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि मागे कळीचा चुना राहतो. बेसाल्ट वितळून काच होतो. आणि आपला चिरा म्हणजे लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, चिकणमाती आणि भोकंच भोकं. तो यांपैकी सरळ काहीच करत नाही, त्याच्याकडे नंतर येतो.

दुसरी गोष्ट लेझरच्या रंगाची. बाजारात दगडासाठी मुख्यतः दोन जाती मिळतात. एक कार्बन डायऑक्साइड लेझर, ज्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. दुसरा फायबर लेझर, सुमारे १.०६ मायक्रॉन. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. पहिल्याचा प्रकाश बहुतेक सगळे सिलिकेट दगड वरच्या वर पिऊन टाकतात, मग दगड काळा असो की पांढरा. दुसऱ्याला मात्र दगडाचा रंग चांगलाच कळतो: काळं आणि तपकिरी तो खातो, पांढऱ्यावरून बराचसा परत फिरतो. दीपमाळेचा अख्खा प्रश्न या एका वाक्यात आहे.

जाता जाता सांगतो, कारण अभिमानाची गोष्ट आहे. पहिला लेझर थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणकाच्या कांडीतून काढला, पण दगड कोरणाऱ्या प्रत्येक दुकानात जो कार्बन डायऑक्साइड लेझर चालतो तो १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्समध्ये सी. कुमार एन. पटेल यांनी बनवला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनियरिंगचं शिक्षण पुण्याच्या कॉलेजातलं.

आता पाटी. इथे लेझरला तोड नाही, पण दगड नीट निवडला तरच. व्यापारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो भूशास्त्राच्या हिशोबाने बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच, डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. आपल्याला ते बरंच. क्वार्ट्झ नसल्यासारखाच, म्हणून तडकून मोठे पापुद्रे उडत नाहीत. पॉलिश केलेल्या काळ्या पृष्ठभागावर झोत पडला की वरचा अगदी पातळ थर वितळतो आणि त्यात बारीक बारीक तडे जातात. त्या तड्यांवर उजेड विखुरतो आणि अक्षर करड्या-पांढऱ्या रंगाचं दिसतं. म्हणजे रंग भरलेला नसतो, दगडाचं पॉलिश तेवढ्यापुरतं मोडलेलं असतं. म्हणूनच फिकट ग्रॅनाइटवर लेझरचं अक्षर उठत नाही, आणि पांढऱ्या संगमरवरावर तर पांढऱ्यावर पांढरं.

कुन्नम ब्लॅक मिळाला तर उत्तम, कण बारीक आणि रंग एकसारखा. ब्लॅक गॅलेक्सी दिसायला झकास, पण त्यातल्या सोनेरी टिकल्या चित्राच्या नाकाडोळ्यांवर येऊन बसतात. नावांच्या पाटीला चालेल, चेहऱ्याला नको. स्वस्तातला काळा घेताना एक करा: पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन किंवा थिनर घेऊन पाटीचा कोपरा जोरात घासा. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे, दोन पावसाळ्यांत करडा पडेल आणि अक्षरं त्यात विरून जातील. कडप्प्यावर अक्षर येतं, पण ते चुन्याचं. उघड्यावर टिकायचं नाही.

मशीन फार मोठं लागत नाही. कार्बन डायऑक्साइड लेझरची ६० ते १०० वॉटची ट्यूब पुरते. आवाजात आणि वॉटच्या आकड्यात फसू नका, पाटीचं काम शक्तीवर नाही, फोकसवर चालतं. पाटी टेबलावर किंचित तिरकी बसली तरी एका टोकाची अक्षरं ठसठशीत आणि दुसऱ्या टोकाची धुरकट येतात. चार कोपरे मापून घेतल्याशिवाय सुरुवात करू देऊ नका.

आणि आता जे इंग्रजी पाट्या करणाऱ्यांना कधी अडत नाही, ते. लेझरचं डोकं आडवं पळतं, ओळीमागून ओळ. ट्यूब चालू झाल्यावर पूर्ण ताकदीला यायला साधारण एक मिलिसेकंद घेते. डोकं सेकंदाला ३०० मिमी वेगाने पळत असेल तर तेवढ्यात ०.३ मिमी पुढे गेलेलं असतं. शिरोरेषा लांब आणि आडवी, तिला पूर्ण ताकद मिळते. काना, वेलांटीचा दांडा, अनुस्वाराचा ठिपका यांच्यावरून झोत पट्कन जातो आणि ताकद चढायच्या आत बंद होतो. परिणाम असा की शिरोरेषा ठळक, काने मरतुकडे आणि ‘चिंतामणी’वरचा टिंब गायब. नावांच्या पाटीवर हे चालायचं नाही. देणगीदार पाटीसमोर उभा राहिला की आधी आपलं नाव शोधतो आणि मग त्यातली चूक. उपाय सोपा आहे: वेग कमी करा, जाड वळणाचा फाँट घ्या, आणि बारीक रेघ १ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. श्री-लिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की जोडाक्षरं फुटतात, म्हणून मजकूर युनिकोडमध्ये घ्या आणि शेवटी अक्षरांच्या रेषा करूनच फाइल मशीनला द्या.

माझा सल्ला विचाराल तर चित्र लेझरने आणि नावं सँडब्लास्टने, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून. लेझरची कोरणी मिलिमीटरच्या अंशाइतकीच खोल. मंडपात आतल्या भिंतीवर ती पिढ्यान् पिढ्या राहील. पण उघड्या प्रांगणात, आपल्याकडच्या पावसात, तिच्यावर शेवाळाची पातळ साय धरली की वाचायला त्रास. सँडब्लास्टने दोन मिलिमीटर खोल गेलेलं अक्षर रंग उडाला तरी बोटाने वाचता येतं.

चिरे कापण्याकडे वळू. इथे तोंडाने नको, हिशोबाने बोलू. एक चिरा धरा ३५ सेंमी लांब, २० रुंद, १८ उंच. खाणीत तो सुटा करायला निदान तीन बाजूंनी काप द्यावा लागतो: खालून, एका लांब बाजूने, एका आखूड बाजूने. तिन्ही कापांचं क्षेत्रफळ सुमारे १,७०० चौरस सेंमी. काप अगदी बारीक, १ मिमीचा धरला तरी १७० घन सेंमी दगड वितळवून बाहेर काढायचा आहे. दगड वितळवायला घन सेंटिमीटरमागे ढोबळ मानाने ४ किलोजूल लागतात असं धरा, तर झाले ६८० किलोजूल. पाच किलोवॅटचा लेझर, प्रत्येक जूल दगडातच गेला, काहीही वाया गेलं नाही, तरी सव्वादोन मिनिटं. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता आजूबाजूच्या दगडात पसरते, थोडी धुरात जाते, आणि खाणीतल्या ओल्या चिऱ्यातलं पाणी आधी उकळावं लागतं. पाण्याची वाफ करायला ग्रॅममागे सव्वादोन किलोजूलपेक्षा जास्त. शिवाय भिंतीतून जेवढी वीज घ्याल तिच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच फायबर लेझर प्रकाश देतो. आणि मेव्हण्यांच्या रुळावरच्या मशीनची फिरती चाकी? तिला हा सगळा दगड वितळवायचाच नाही. तिला फक्त तो कुरतडायचा आहे.

वेळेचं एकवेळ सोडा, तो चिरा मुळात कापलाच जाणार नाही. स्टील लेझरने कापतात तेव्हा वितळलेलं लोखंड पातळ असतं, वरून गॅसचा झोत मारला की फटीतून खाली उडून जातं. वितळलेला दगड गुळाच्या पक्क्या पाकासारखा चिकट. गॅसने तो हलत नाही, फटीच्या भिंतींना धरून बसतो आणि थंड होऊन काच होतो. १ मिमीच्या फटीतून १८ सेंमी खोल जायचं म्हणजे झोताचा फोकस तिथवर टिकतच नाही. चिऱ्यातली भोकं वेगळीच. झोत एका पोकळीत पडतो, पलीकडच्या भिंतीवर कुठेतरी तापवत बसतो. दोन सेंटिमीटर ग्रॅनाइटमध्ये नक्षी कापायची असेल तर लोक वॉटरजेट वापरतात: सुमारे ४,००० बार दाबाचं पाणी आणि त्यात गार्नेटची वाळू. खाणीतले मोठे ठोकळे हिऱ्याच्या तारेने सोडवतात. दोन्हीत दगड गरम होत नाही, म्हणूनच ती कामं होतात.

फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ मध्ये मलबारातल्या चिऱ्याच्या दगडाचं वर्णन लिहिलं तेव्हाच नोंदवलं होतं की खाणीत असताना तो इतका मऊ की लोखंडी अवजाराने सहज कापता येतो, आणि हवा लागली की विटेसारखा कडक होतो. आपल्या सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, खाणी याच गुणावर चालतात. मऊ असताना पात्याने कापून घ्यायची सोय निसर्गाने दिलेली असताना त्याला भट्टी लावायची म्हणजे उलटं काम. मेव्हण्यांना धुळीचा आणि आवाजाचा त्रास खरा आहे, पण त्याला उपाय पात्यावर पाण्याची धार आणि माणसांना मास्क हा आहे.

भोकं पाडण्याबाबत थोडं वेगळं आहे, कारण तिथे खरोखर मोठं संशोधन झालं. १९९७ पासून अमेरिकेत गॅस रिसर्च इन्स्टिट्यूटने लष्कराचे प्रचंड ताकदीचे लेझर खडकांवर चालवून पाहिले, तेल-वायूच्या विहिरी अशा खणता येतील का हे बघायला. मग अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स त्यात आले. ताकद वाढवत नेली की काम वाढेल ही सगळ्यांची पहिली समजूत. निघालं उलट. खडक वाफ करायचा किंवा वितळवायचा तर घन सेंटिमीटरमागे खूप ऊर्जा जाते. वितळायच्या किंचित आधी थांबलात, नुसता तडकवलात, तर सर्वांत कमी ऊर्जेत सर्वांत जास्त खडक निघतो. वालुकाश्म आणि शेल यात चांगले वागले, चुनखडीला जास्त ऊर्जा लागली. आणि एकदा का वितळण सुरू झालं की पुढची ऊर्जा त्या काचेतच जिरते. म्हणून थोड्या थोड्या स्पंदांनी तापवायचं, चुरा वाऱ्याने उडवायचा, पुन्हा तापवायचं. खोल विहिरीत चिखल-पाणी भरलेलं असतं आणि ते प्रकाश अडवतं, ही अडचण आजही आहे. हल्ली जास्त भर आहे तो लेझरने खडक कमकुवत करून मागून यांत्रिक बिट चालवण्यावर. भूऔष्णिक विहिरींसाठी क्वेझ एनर्जी ही कंपनी लेझरऐवजी मिलिमीटर लहरी वापरू पाहते आहे, तेही मुळात दगड तापवूनच.

नाही म्हणायला दगडात लेझरने भोक पाडायचा धंदा १९६५ पासून आहे, पण हिऱ्यात. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने तारा ओढायच्या हिऱ्याच्या साच्यांत भोकं पाडायला लेझर लावला. आज सुरतेत हिरे लेझरने कापतात. तिथे दगडाची किंमतच अशी की विजेचा हिशोब कोणी करत नाही.

दगडावर मारलेल्या लेझरचा मला सगळ्यात आवडणारा उपयोग मात्र कापण्याचा नाही आणि भोकाचाही नाही. १९ ऑगस्ट २०१२ ला मंगळावर क्युरिऑसिटी रोव्हरने ‘कॉरोनेशन’ नाव दिलेल्या मुठीएवढ्या दगडावर दहा सेकंदांत ३० वेळा लेझर मारला. प्रत्येक स्पंद सेकंदाच्या अब्जांशांचा. दगडाचा कणभर भाग पेटून उठतो, त्याचा उजेड वाचून आत काय आहे ते कळतं. चांद्रयान-३ च्या प्रज्ञानने ऑगस्ट २०२३ मध्ये हेच करून चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक असल्याचं पक्कं केलं. एवढा थोडा वेळ तापवलं की दगडाला काहीच होत नाही, फक्त वरचा कण जातो. स्वच्छतेचा लेझर हाच आहे. म्हणून आता दीपमाळ.

लेझरने दगड साफ करायची कल्पना व्हेनिसची. १९७२ च्या सुमारास अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन ॲस्मस तिथे झिजत चाललेल्या शिल्पांची होलोग्राम, म्हणजे त्रिमितीय चित्रं, घ्यायला गेले होते. माणकाचा लेझर संगमरवरावरच्या काळ्या कवचावर पडला तेव्हा कवच उडालं आणि खालचा पांढरा दगड शाबूत राहिला. कारण वर सांगितलं तेच: काळं कवच प्रकाश पितं, पांढरा संगमरवर परत पाठवतो. कवच संपलं की लेझरला खायला काही उरत नाही, काम आपोआप थांबतं. अथेन्सला पार्थेनॉन या प्राचीन मंदिराच्या पश्चिमेकडच्या शिल्पपट्टीवर याच्याही पुढे गेले. नुसत्या अवरक्त लेझरने दगड पिवळसर दिसतो, म्हणून क्रीट बेटावरच्या संशोधकांनी १,०६४ नॅनोमीटर आणि ३५५ नॅनोमीटर असे दोन झोत एकाच वेळी, मापून मिसळले.

आता हेच आपल्या चिऱ्यावर लावून बघा. संगमरवर पांढरा आणि मळ काळा होता. चिरा स्वतःच तांबडा-तपकिरी, लोहाने भरलेला, आणि त्याच्यावर काय आहे? पांढरा चुना, फिकट ऑइलपेंट, हिरवं शेवाळ. म्हणजे फायबर लेझरला मळापेक्षा दगडच जास्त गोड लागणार. आपोआप थांबायची सोय इथे उलटी फिरते: वरचा थर गेला की लेझर जोरात दगड खायला लागतो. शिवाय चिऱ्यात गोएथाइट नावाचं पिवळट लोहखनिज असतं. २५० ते ३०० अंशांच्या आसपास ते पाणी सोडून हेमाटाइट होतं, म्हणजे पिवळट-तपकिरी डाग लालभडक होतो. तो डाग पुसता येत नाही, कारण तो डाग नाहीच, दगड बदललेला आहे. मी लोकांच्या अंगणातल्या गडग्यावरून काढलेल्या तुटक्या चिऱ्यांवर हे दाखवतो. झोत फिरवलेला पट्टा सुरुवातीला ‘स्वच्छ’ दिसतो. बाजूचा चिरा ओला करून दोन्ही शेजारी ठेवा, मग दिसतं की पट्ट्याचा रंग आजूबाजूला कुठेच नाही. भिंग लावलंत तर भोकांच्या कडा गोलसर, काचेसारख्या झालेल्या. ज्या कातडीने चिरा पाऊस झेलतो तीच गेलेली असते.

व्हिडिओतलं मशीन तर स्वच्छतेच्या जातीचंच नाही. वेल्डिंग, कटिंग, क्लीनिंग तिन्ही करतं असं सांगून दीड-दोन किलोवॅटचं जे विकतात, तो सलग चालणारा झोत असतो, लोखंडाचा गंज काढायला बनवलेला. ॲस्मसच्या मागून आलेल्यांनी शिल्पांवर जे वापरले ते नॅनोसेकंदांच्या स्पंदांचे लेझर. त्यात उष्णता आत पसरायच्या आधीच मळ उडून जातो. सलग झोतात उष्णता दगडात शिरत राहते. दोन्हीला लेझर म्हणतात एवढंच साम्य.

एका जागी मात्र मी नाही म्हणणार नाही. दीपमाळेच्या दिवल्यांजवळ चुन्याच्या गिलाव्यावर काजळी असेल, गिलावा पांढरा आणि शाबूत असेल, तर तिथे व्हेनिसचंच गणित आहे: काळा मळ, पांढरी जमीन. स्पंदांचा लेझर आणि पुरातन वास्तूंवर काम केलेला माणूस असेल तर तळहाताएवढ्या जागी, मागच्या बाजूला, करून बघायला हरकत नाही. पण आपल्या दिवल्यांत तेल सांडून मुरलेलं असतं, आणि मुरलेलं तेल लेझरने निघत नाही, उलट भाजून बसतं. म्हणजे तिथेही सोनाराने कान टोचावे तसं तज्ज्ञानेच करायचं काम.

मग दीपमाळ साफ कशी करायची? पावसाळा संपू द्या, दगड वाळू द्या. शेवाळ मऊ नारळी किंवा नायलॉनच्या ब्रशने आणि साध्या पाण्याने निघतं. प्रेशरवॉशर नको, ॲसिड तर मुळीच नको. ते चुना खातं आणि आत क्षार सोडून जातं. ऑइलपेंटखाली बहुतेक जागी चुन्याचे जुने थर असतात आणि ते तुमच्या बाजूचे आहेत, कारण रंग चुन्यासकट सुटतो. जिथे सुटत नाही तिथे जेलसारखा रिमूव्हर लावून, लाकडी पट्टीने. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका, आणि लेझरने उडवायचं तर त्याहून नको. शिशाचा धूर प्रांगणात. साफ झाल्यावर सिमेंट लावू नका. चिऱ्यातली ओल बाहेर यायला वाट लागते, सिमेंट आणि चकचकीत सीलर ती बंद करतात. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी. मंगेशीच्या सात मजली दीपमाळेपासून गावोगावच्या लहान दीपमाळांपर्यंत सगळ्या सफेदीच्या कोटात उभ्या आहेत, ती हौस नव्हती. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बासिलिकेचा, म्हणजे तिथल्या प्रसिद्ध चर्चचा, बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात उतरवला, चिरा उघडा पडला, आणि पावसाने तो झिजतोय यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

दिव्यांच्या वायरिंगसाठी दीपमाळेला भोकं पाडायची झाली तर चिऱ्यात नको, सांध्यात. हॅमर बंद करून, डायमंड कोअर बिटने, हळू.

लेखाचा दगड. त्यावरची काळसर-हिरवी साय कदाचित अक्षरांच्या कडांना धरून बसलेली असेल, तिच्यासकट कडा निघून येतील. अक्षरांत रंग भरायचा मोहही टाळा. रंग भरणारा अक्षर वाचून भरत नाही, त्याला जे दिसतं ते भरतो, आणि पुढे वाचणारा त्याचीच चूक वाचतो. संध्याकाळी अंधारात एका बाजूने टॉर्चचा तिरपा उजेड टाकून फोटो काढा, मग दुसऱ्या बाजूने, मग वरून. अर्धी अक्षरं तिथेच उठतात. पुरातत्त्व खात्याला कळवा, ते ठसा घेतील. आणि इथे लेझर खरंच कामाचा आहे: लेझर स्कॅनर. तो दगड तापवत नाही, प्रकाश परत यायला किती वेळ लागला किंवा तो कुठल्या कोनात परतला यावरून पृष्ठभाग मापतो. कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या सड्यावर कोरलेले बैल आणि चक्रव्यूह आहेत, दर पावसाळ्यात त्यांच्यावरून पाणी वाहतं. अशा कोरीवकामाची मापं राखून ठेवायची तर हाच मार्ग. तुमच्या लेखाचं स्कॅन घेतलंत तर त्याची हुबेहूब प्रत काळ्या ग्रॅनाइटवर कोरून पाटीशेजारी लावता येईल. मूळ दगड छपराखाली, जमिनीच्या ओलीपासून उचलून ठेवा.

तुम्ही विचारलं नाही, पण जीर्णोद्धार म्हटला की पायऱ्यांना पॉलिश ग्रॅनाइट बसवतातच, आणि श्रावणात त्यावर म्हातारी माणसं घसरतात. पॉलिश राखून लेझरने सूक्ष्म खळगे पाडून घसरण कमी करण्याची पद्धत परदेशात आहे. आपल्याकडे त्यासाठी धावू नका. क्वार्ट्झ असलेला करडा ग्रॅनाइट घ्या आणि फ्लेम फिनिश करून घ्या, त्यात तोच ५७३ अंशांचा खेळ गॅसच्या ज्योतीने होतो. नाहीतर गावातल्या पाथरवटाकडून टाकी मारून घ्या. काळ्या दगडावर ज्योत नीट चालत नाही, तिथे टाकीच.

सुरक्षेचं एकच, पण कडक. १.०६ मायक्रॉनचा प्रकाश डोळ्याच्या भिंगातून थेट मागच्या पडद्यावर जमतो. कार्बन डायऑक्साइड लेझरला पॉलीकार्बोनेटचा साधा पारदर्शक चष्मा अडवतो, फायबर लेझरला तोच चष्मा काहीच करत नाही. पॉलिश केलेल्या दगडावरून झोत परत उडतो. देवळाच्या आवारात, जिथे पोरं खेळतात, तिथे हातातला फायबर लेझर उघड्यावर चालवणं मला तरी मान्य नाही. कोरणीच्या दुकानातही धूर ओढणारा पंखा आणि मास्क बघून घ्या. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही.

मशीनवाल्याला आता एवढंच विचारा: झोत सलग आहे की स्पंदांचा, स्पंद किती नॅनोसेकंदांचा, तरंगलांबी किती, आणि चिऱ्यावर केलेलं काम एका पावसाळ्यानंतरचं कुठे बघायला मिळेल. पाटीचं काम त्याच्याकडेच द्यायला हरकत नाही, पण आधी त्याच दगडाच्या तुकड्यावर यादीतली सगळ्यांत जोडाक्षरांची तीन नावं कोरून मागा. नावांच्या यादीवर समितीची सही घेऊन मगच फाइल मशीनला जाऊ द्या.